‘काटक’ म्हणून गोलवर उभा केलेला पोरगा



गेल्या भीमजयंतीच्या आठवड्यात नांदेडच्या एका वस्तीत फुटबॉलच्या सामन्यांना हजर होतो. एप्रिलचं ऊन, दुपारचे चार, मैदान म्हणजे मुरूम टाकून रोलर फिरवलेली मोकळी जागा. सेमीफायनल चालू होती. यजमान टीमच्या गोलकीपरने डावीकडे झेप घेऊन बॉल अडवला. बॉल बाहेर गेला, पण पोरगा उठेना. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सांध्यातून सरकून बाजूला वळलं होतं. गर्दीतून एक जण धावत आला. "काही नाही होत, ओढलं की बसतंय," म्हणाला आणि त्याने ते बोट ओढलं. पोराच्या तोंडून जो आवाज निघाला तो अजून माझ्या कानात आहे. कुणाचा तरी रुमाल फाडून बोटाला गुंडाळला आणि पोरगा परत गोलवर उभा राहिला. माईकवरून घोषणा झाली, "याला म्हणतात भिमाचा वाघ! याला म्हणतात काळीज!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बारा-तेरा दिवसांनी तोच पोरगा सकाळी मजूर नाक्यावर भेटला. बोट वांग्यासारखं सुजलेलं. सेंटरिंगच्या कामावर सळईला तार बांधायचं काम करतो तो. आकडा हातात धरता येत नव्हता म्हणून मुकादमाने त्याला घेणं बंद केलं होतं. पुढे एक्स-रे काढला तेव्हा कळलं, सांध्याजवळच्या हाडाचा तुकडा उडालाय. आज ते बोट वळत नाही. तो मला म्हणाला, "दादा, कप मंडळाच्या कपाटात हाय. बोट माझ्याकडं हाय."

हा लेख त्या टाळ्यांच्या विरोधात आहे. त्या माझ्याही होत्या, म्हणून आधी स्वतःच्या विरोधात आहे.

गोलवर कोण उभा राहतो?

लातूरला शिकायला होतो तेव्हा होस्टेलच्या टीममध्ये मीही गोलकीपर होतो. मला ती जागा आवडायची म्हणून नाही, माझ्याकडे बूट नव्हते म्हणून. पुढे खेळणाऱ्याला बूट लागतात, गोलवर अनवाणी उभं राहिलं तरी चालतं, असा साधा हिशेब होता. वस्तीच्या मैदानावर जाऊन बघा, आजही हाच हिशेब दिसेल. बूटवाला पुढे, ज्याचा बॉल आहे तो हवा तिथे, आणि जो उशिरा आला, ज्याच्याकडे काही नाही, ज्याचं कुणी ऐकत नाही, तो मागे गोलवर. टीममध्येही उतरंड असते मित्रांनो. आपण बाहेरच्या उतरंडीवर रोज बोलतो. मैदानातली आपल्याला दिसत नाही, कारण ती आपणच लावलेली असते.

माझे एक क्रीडाशिक्षक होते. मी मुरमावर कोपर सोलून घेतलं की म्हणायचे, "तुमची पोरं काटक असतात. तुम्हाला काही होत नसतं." तेव्हा मला ते कौतुक वाटायचं, छाती फुगायची. पंचवीस वर्षं झाली. आज पाण्याची घागर उचलताना उजवा खांदा निसटतो की काय अशी भीती वाटते. तेव्हा कळतं, ते कौतुक नव्हतं. उपचार न करण्याची ती सोय होती.

गोलकीपरच्या शरीराचं काय होतं?

भावनेवर बोलण्याआधी शरीरावर बोलू. आपल्या चळवळीत याची सवय कमी आहे.

फुटबॉलमध्ये बाकीचे दहा जण पायाने खेळतात, त्यांच्या दुखापतीही बहुतेक पायाच्या. हाताने खेळण्याचं काम एकट्या गोलकीपरचं, त्यामुळे बोटं, मनगट, कोपर आणि खांदा यांच्या दुखापती त्याच्याच वाट्याला जास्त येतात. जवळून मारलेला बॉल बोटांच्या टोकावर आदळला की सांधा निसटतो, स्नायूबंध फाटतो, कधी हाडाचा कपचा निघतो. बाहेरून हे सगळं सारखंच दिसतं: सुजलेलं बोट. म्हणून एक्स-रे न काढता बोट ओढणं हा गुन्हा समजला पाहिजे. आत मोडलेलं हाड असेल तर ओढण्याने ते आणखी सरकतं.

पडताना उघडा तळवा जमिनीवर टेकला की मनगटावर सगळं वजन येतं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं. ते मोडलं तरी सूज फारशी येत नाही, पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते लवकर जुळतही नाही. पोरगा म्हणतो "मुरगळलंय" आणि महिनोन्‌महिने तसाच घमेलं उचलत राहतो.

एकाच अंगावर पुन्हा पुन्हा पडून खुब्याच्या बाहेरच्या बाजूची पिशवी सुजते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. खांदा एकदा निसटला की पुन्हा निसटण्याची शक्यता वाढते आणि पहिली दुखापत विशीच्या आत झाली असेल तर ती फारच जास्त असते. लांब किक मारून मारून मांडीचा पुढचा स्नायू ताणतो. गुडघा तर सगळ्यांचाच जातो.

आता यात आपलं मैदान मिळवा. हिरवळ असते तिथे जमीन शरीराचा थोडा भार घेते. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी टणक होते. त्यावर मुरूम टाकला की झेप म्हणजे किसणीवर अंग घासणं. जखमेत माती जाते, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की नाही हे कुणी विचारत नाही. शहरात भाड्याने मिळणारी टर्फ आली आहेत. पण तासावर पैसे मोजायचे तिथे मजुराचा पोरगा रोज कसा सराव करणार?

नांदेडला हॉकी नवी नाही. श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने गोल्ड आणि सिल्व्हर कप स्पर्धा इथेच होते. ती पाहायला गेलात तर गोलकीपर नीट बघा. पायाला पॅड, छातीला गार्ड, डोक्याला हेल्मेट. तिथे कुणी म्हणत नाही की पॅड घालणारा भित्रा आहे. मग फुटबॉलच्या कीपरने हातमोजे मागितले की आपली पोरं का हसतात? फुटबॉलच्या नियमात पिंढरीची पट्टी, म्हणजे शिनगार्ड, सगळ्यांना सक्तीची आहे. आपल्या किती स्पर्धांमध्ये ती कीपरच्या पायाला दिसते?

‘काटक’ हा जातीचा शब्द आहे

माझा मुख्य मुद्दा हा आहे. ‘काटक’, ‘रांगडा’, ‘कष्ट यांच्या रक्तातच आहेत’ हे शब्द निरागस नाहीत. ज्याच्याकडून फुकट किंवा स्वस्तात अंगमेहनत करून घ्यायची असते, त्याला दुखत नाही असं आधी ठरवावं लागतं. त्याला दुखतं हे मान्य केलं की औषध द्यावं लागतं, सुट्टी द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. म्हणून शेकडो वर्षं आपल्या आई-बापाच्या शरीराला ‘सवय’ असल्याचं सांगितलं गेलं. गटारात उतरणाऱ्याला वासाची सवय असते, ऊस तोडणारीला ओझ्याची सवय असते. आणि गोलवरच्या पोराला पडण्याची सवय असते!

पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास आठवा. चांभार समाजातले पळवणकर बाळू इंग्रजांच्या क्लबमध्ये मैदानाच्या कामावर होते. ते नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. हात झिजवायचं काम त्यांचं, बॅट मात्र साहेबाची. पुढे हिंदूंच्या टीमला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या टीमचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली आणि तेही भांडून. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते. तो राजकीय हिशेब वेगळा आहे, तो आपण विसरत नाही. पण मैदानावर त्यांच्या शरीराचं जे झालं तो आपल्या सगळ्यांचा इतिहास आहे: मेहनत घ्यायची, मान द्यायचा नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना प्रश्न विचारले. काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारखी किमान एक तरी खोटी समजूत खरी मानणारे त्यांच्यात जवळपास निम्मे निघाले आणि अशा समजुती बाळगणारे काळ्या रुग्णाच्या वेदनेला कमी लेखत होते. तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, एनएफएलमध्ये, डोक्याला मार बसून मेंदूचे आजार झालेल्या निवृत्त खेळाडूंसाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा समझोता झाला. त्यात भरपाई ठरवताना काळ्या खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती असं धरून चालणारं मोजमाप वापरलं जात होतं. म्हणजे खेळून मेंदू गेला तरी ‘तुझ्याकडे आधी होतं तरी काय?’ असा सवाल! काळे खेळाडू कोर्टात गेले, ओरड झाली आणि जून २०२१ मध्ये लीगने ते मोजमाप सोडून देण्याचं कबूल केलं.

१९७२ साली ज्यांनी दलित पँथर काढली त्यांना ब्लॅक पँथरशी नातं का सांगावंसं वाटलं, ते इथे कळतं. ‘तुला दुखत नाही’ हे वाक्य जातीच्या आणि वर्णाच्या दोन्ही व्यवस्थांनी एकाच आवाजात म्हटलेलं आहे. आणि आता आपणच ते आपल्या पोराला माईकवरून म्हणतोय!

"अत्याचार होत असताना तुम्ही बोटाचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न मला विचारला जाणार हे ठाऊक आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिक उत्तर देतो.

होय, हाच नांदेड जिल्हा आहे जिथे नामांतराच्या दंगलीत, ऑगस्ट १९७८ मध्ये, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. याच नांदेडात नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १ जून २०२३ रोजी बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला, गावात जयंती काढल्याचा राग धरून झाल्याचा आरोप आहे. या नावांशेजारी एका बोटाची तक्रार लिहिताना मलाही संकोच वाटला.

पण विचार करा. ज्या समाजाच्या पोराचा जीव जातो तेव्हा व्यवस्था हलत नाही, त्या समाजाच्या पोराचं बोट मोडतं तेव्हा ती का हलेल? खून आणि बोट या दोन टोकांमध्ये एकच सरळ रेषा आहे: या शरीराची किंमत कमी आहे, हे गृहीतक. ते गृहीतक फक्त मोर्चाच्या दिवशी मोडत नाही. ते रोज मोडावं लागतं, मैदानातही. आपल्या शहिदांचं नाव घेऊन जखमी पोराला गप्प बसवणं हा त्या शहिदांचा सन्मान नाही. ते आपल्या जगण्याची किंमत वाढावी म्हणून गेले. दुखणं सोसण्याची स्पर्धा लागावी म्हणून गेले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की खेळात लागायचंच. बरोबर. पण किती लागायचं, लागल्यावर काय करायचं आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा, हे खेळ ठरवत नाही, नियम ठरवतात. आणि नियम माणसं बदलतात.

नियम कसे बदलले?

५ सप्टेंबर १९३१. ग्लासगोत सेल्टिक विरुद्ध रेंजर्स सामना. सेल्टिकचा कीपर जॉन थॉमसन, वय २२, पुढे येणाऱ्या खेळाडूच्या पायाशी झेपावला. गुडघा डोक्याला लागला, कवटी फुटली आणि त्याच रात्री तो गेला. हा थॉमसन कोण? स्कॉटलंडच्या कोळसा खाणीच्या गावातला, स्वतः खाणीत काम केलेला पोरगा. मजूर घरातलाच.

फेब्रुवारी १९३६. सुंदरलंडचा कीपर जिमी थॉर्प, वयही २२च. चेल्सीविरुद्धच्या सामन्यात बॉल कवटाळून पडलेला असताना त्याला लाथा बसल्या. त्याला मधुमेह होता. सामना संपेपर्यंत तो खेळला आणि चार दिवसांनी वारला. त्यानंतर नियम आला की कीपरच्या हातात बॉल असताना त्याच्यावर पाय उगारता येणार नाही. आज आपण ज्याला ‘फाऊल’ म्हणतो त्या शिट्टीमागे एका बावीस वर्षांच्या पोराचा मृत्यू आहे.

आता एक ‘शौर्यकथा’ पाहा. १९५६ च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा कीपर बर्ट ट्राऊटमन मान मोडलेली असताना शेवटची सुमारे पंधरा मिनिटं खेळला, हे जगभर अभिमानाने सांगितलं जातं. मान मोडलीय हे काही दिवसांनी एक्स-रेत कळलं. पण तो का खेळला? कारण त्या काळी बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. तो बाहेर गेला असता तर टीम दहा जणांची झाली असती. म्हणजे नियमाच्या उणिवेने माणसाला मरणाच्या दारात उभं केलं आणि लोकांनी त्यालाच शौर्य म्हटलं. आपल्या माईकवरची घोषणा याच जातकुळीची आहे.

१४ ऑक्टोबर २००६ रोजी चेल्सीच्या पीटर चेकची कवटी रीडिंगविरुद्धच्या सामन्यात फुटली. तो वाचला, काही महिन्यांत परतला आणि २०१९ ला निवृत्त होईपर्यंत डोक्याला संरक्षक टोपी घालूनच खेळला. कुणी त्याला भित्रा म्हटलं नाही. त्या घटनेनंतर प्रीमियर लीगने मैदानावरच्या डॉक्टरांचे आणि रुग्णवाहिकेचे नियम कडक केले.

आपल्या देशातली घटना सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन फॉरवर्ड क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना कीपरवर आदळला आणि मैदानातच कोसळला. त्याचा जीव वाचला नाही. राष्ट्रीय पातळीच्या फायनलला, नामांकित क्लबांच्या सामन्यात हे घडलं. मग आपल्या वस्तीच्या स्पर्धेत, जिथे पाण्याच्या जारशिवाय काही नसतं, तिथे हे घडायची आपण वाट बघतोय का?

डोक्याच्या मारासाठी फुटबॉलच्या नियमात आता वेगळी तरतूद झाली आहे. नेहमीच्या बदली खेळाडूंव्यतिरिक्त एक जादा बदली खेळाडू घेण्याची मुभा स्पर्धेला देता येते, म्हणजे टीमच्या सोयीसाठी जखमी माणसाला मैदानात ठेवायची वेळ येऊ नये. ही मुभा देण्यासाठी स्टेडियम लागत नाही. आयोजकांनी स्पर्धेच्या नियमपत्रकात एक ओळ लिहिली की झालं.

बाबासाहेब मजूरमंत्री होते, हे विसरू नका

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून मिरवतो. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास आठ करण्याचा प्रश्न त्यांच्या काळात पुढे रेटला गेला. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायचं काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं, १९४४ ला अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या सगळ्याच्या मुळाशी एक विचार आहे: काम करताना हात मोडला तर ते नशीब नव्हे. आजारपणाचा पैसा, बुडालेली मजुरी, उपचार हा माणसाचा हक्क आहे.

आमचा कीपर मंडळाच्या नावाने खेळला, मंडळासाठी पडला. त्याचं बोट मोडल्यावर मंडळाने काय दिलं? टाळ्या दिल्या. कारखानदाराने मजुराला हार घालून घरी पाठवलं असतं तर आपण त्याच्या गेटवर लाल-निळे झेंडे घेऊन बसलो असतो.

आणि बुद्ध? बुद्धाच्या धम्माची सुरुवातच दुःख आहे हे मान्य करण्यापासून होते. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येतं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना दुःखाचं खापर गेल्या जन्मावर फोडणं नाकारलं आणि माणूस माणसाला देतो त्या दुःखाकडे बोट दाखवलं. जो धम्म दुःख ओळखायला शिकवतो, त्याच्या अनुयायांनी दुखणं लपवण्याला ‘काळीज’ म्हणायचं? ज्याला सोसण्यात पुण्य दिसतं तो विचार कुणाचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

सरकारला प्रश्न

आमचा पोरगा मैदानातून कुठे जातो? सरकारी दवाखान्यात. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मग पाहणीला आलेल्या खासदाराने काय केलं? आदिवासी समाजातल्या प्रभारी अधिष्ठात्याच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. औषधांचा आणि माणसांचा तुटवडा हा प्रश्न झाडूखाली गेला. ज्या व्यवस्थेत बाळं वाचत नाहीत तिथे बोटाला कोण विचारणार, असं आपण म्हणतो आणि घरी येतो. तिथेच आपण हरतो.

अनुसूचित जातींसाठीच्या निधीचं काय होतं बघा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले, खुद्द त्या खात्याच्या मंत्र्याने जाहीर नाराजी दाखवली. आंध्र आणि कर्नाटकने २०१३ मध्ये असा निधी वळवायला आळा घालणारे कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय इथे भाषण सुरू होत नाही आणि कायदा मात्र शेजारच्या राज्यांत! या निधीतून वस्तीजवळ मातीचं का होईना पण दगड वेचलेलं, पाणी मारलेलं मैदान होऊ शकतं. वसतिगृहांत प्रथमोपचाराचं साहित्य येऊ शकतं. हे मागणं भीक नाही.

शिवाय खेळाचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. ज्याचं बोट सतराव्या वर्षी कायमचं वाकडं झालं तो विभागीय, राज्य पातळीवर पोचणारच नाही. म्हणजे उपचार न मिळणं हे नोकरी न मिळणंही आहे. श्रीमंताच्या पोराचा गुडघा फाटला तर एमआरआय होतो, ऑपरेशन होतं, सहा-नऊ महिने व्यायाम घेणारा माणूस घरी येतो. आमच्या पोराला मेडिकलवरून दुखण्याची गोळी मिळते. ती रोज खाऊन पोटात व्रण होतो, किडनीवर परिणाम होतो आणि दुखापत तिथेच राहते.

नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. नागराज मंजुळेने २०२२ मध्ये ‘झुंड’मधून ते देशाला दाखवलं. आपल्याला अभिमान वाटला. पण भिंत ओलांडून मैदानात शिरलेल्या पोराला तिथे सुरक्षित ठेवणं हे पुढचं काम आहे आणि त्यावर सिनेमा निघणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

आणि आपल्याला काय करता येईल?

सरकारची वाट बघू नका. पुढच्या जयंतीआधी प्रत्येक मंडळाने, प्रत्येक विहाराच्या समितीने एवढं ठरवावं.

एक. डीजेचं एका रात्रीचं भाडं आणि प्रथमोपचाराच्या पेटीचा खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि वर्गणी देणाऱ्यांना दाखवा. पेटीत पट्ट्या, चिकटपट्टी, जखम धुवायला स्वच्छ पाणी, बोटाला आणि हाताला आधार द्यायला पट्ट्या, गोफणीचं कापड आणि बर्फाचा डबा. एवढंच.

दोन. आपल्या वस्तीत नर्सिंग, फिजिओथेरपी, एमबीबीएस शिकणारी पोरं-पोरी आहेत. ‘लातूर पॅटर्न’मधून आपलीही मुलं डॉक्टर झाली आहेत. त्यांना स्टेजवर सत्काराला बोलावता, तसं मैदानाच्या कडेला खुर्ची देऊन बसवा. समाजाचं ऋण असंही फेडता येतं.

तीन. निसटलेलं बोट, खांदा मैदानात कुणीही ओढायचा नाही. आहे त्या स्थितीत आधार द्यायचा, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा आणि एक्स-रेला न्यायचं. अंगठी असेल तर सूज वाढण्याआधी काढायची.

चार. डोक्याला मार बसला, क्षणभर शुद्ध गेली, पोरगा गोंधळलाय, तेच तेच विचारतोय, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. कॅप्टन काहीही म्हणो. रात्री कुणीतरी त्याच्याजवळ राहायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, हातपाय लुळे पडणं यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. मानेत दुखत असेल तर त्याला उठवायचं, बसवायचं नाही.

पाच. हातमोजे, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड मंडळाच्या मालकीचे असावेत. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याच हातात मोजे, असं नको. बक्षिसाच्या रकमेतून एक छोटा वाटा जखमी खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीसाठी बाजूला ठेवा.

सहा. मुलींच्या टीम उभ्या राहतायत, स्वागत आहे. पण मुलगी लागलं म्हणून सांगायला घाबरते, कारण लागल्याचं कळलं की घरचे खेळ बंद करतील. तिच्यासाठी एक बाई कार्यकर्ती मैदानावर असलीच पाहिजे.

सात. माईकवाल्याला आधीच सांगून ठेवा: जखमी पोराला वाघ म्हणायचं नाही. तो माणूस आहे. आपली सगळी लढाई माणूस म्हणून ओळखलं जाण्यासाठीच आहे.

त्या पोराला भेटलो तेव्हा विचारलं, पुन्हा खेळशील का? म्हणाला, "खेळतो की. पर आता गोलवर नाही. बूट घेतलेत." मला आनंद झाला. पण मग लगेच विचार आला, आता त्याच्या जागी गोलवर कोण उभा राहिला असेल? त्याच्याकडे काय नसेल?

पुढच्या सामन्याला जाल तेव्हा बॉलकडे बघू नका. गोलवरच्या पोराच्या हातांकडे बघा. त्याच हातांवर कुणाची तरी चूल पेटते.

जय भीम! जय संविधान!